हायवेच्या मापाच्या बोटी

मिशिगनमध्ये ११ हजारांवर तळी आहेत. इथं स्थिरावलेल्या मराठी माणसाचं घर झालं, गाड्या झाल्या, गवत कापायचं यंत्रही झालं, की एखाद्या उन्हाळ्यात त्याला बोटीचं वेड लागतं. आमच्याकडे यंदा लागलं. बरंच हिंडून निवडीला दोन बोटी उरल्या, आणि त्या इतक्या सारख्या की विकणारासुद्धा पाटी वाचून मग बोलायचा.

याचं कारण पाण्यात नाही, रस्त्यावर आहे. खास परवाना न काढता ट्रेलरवरून न्यायची तर बोटीची रुंदी सहसा ८ फूट ६ इंचांच्या आत हवी. तळ्यात थाटात मिरवणारी ही बाई मुळात हायवेच्या मापानं बेतलेली! दोन्हींना पुढे बाकं, मागे सोफा आणि इंजिनही मर्क्युरीचंच.

फक्त एकीचं इंजिन पोटात, दुसरीचं पाठीवर टांगलेलं. पाठीवरच्याची गोष्ट गोड आहे. विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यावर ओले एव्हिनरूड नावाचा माणूस होडी वल्हवत प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणायला गेला, परतेपर्यंत ते वितळलं आणि त्या चुटपुटीतून हे इंजिन जन्मलं, असं सांगतात. १९०९ मध्ये तो ते विकूही लागला. पोटातल्या इंजिनाची जोडणी १९५९ साली व्होल्वो पेंटानं बाजारात आणली. तिच्यात प्रेमबीम काही नाही. पण तिच्यामुळे मागची फळी सलग मोकळी मिळते, पाण्यात पाय सोडून बसायला. मात्र या इंजिनात राहिलेलं तळ्याचं पाणी थंडीत गोठलं तर त्याला तडा जातो. म्हणून हिवाळ्याआधी त्याला गुलाबी अँटिफ्रीझ पाजायचं. पाठीवरचं इंजिन उभं ठेवलं की आपलं आपण रिकामं होतं.

नवऱ्यानं अर्थातच एक्सेल उघडलं. २० फुटांखालच्या बोटीवर माणसं किती आणि वजन किती पौंड चालेल, याची पाटी कायद्यानं लावावी लागते. ते आकडे भरून त्यानं घरात एकेकाला वजन विचारलं. आमच्या घरात एका संध्याकाळी एवढं खोटं कधी बोललं गेलं नव्हतं. मुलगी दार लावून बसली. "साडीसकट सांगू का?" सासूबाईंनी विचारलं.

मामंजी मुरूडचे. "गाद्या कसल्या दाबून बघताय? बूड बघा," म्हणत ते दोन्ही बोटींखाली वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले आणि गुडघे झाडत उठले. बुडंही सारखीच होती.

शेवटी सासूबाईंनी, ज्यासाठी एक्सेलमध्ये रकानाच नव्हता, ते विचारलं. "मी चढायचं कुठून?" पाठीवर इंजिन असलेल्या बोटीत त्यांना अंग चोरून कडेनं जावं लागलं. दुसरीच्या फळीवर त्या सरळ चढल्या, ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "इथं बसून भाजीसुद्धा निवडता येईल." नवऱ्यानं लॅपटॉप मिटला.

सासूबाई सप्टेंबरमध्ये परत जाणार आहेत. अँटिफ्रीझ ऑक्टोबरमध्ये पाजायचं असतं.