पाहणी समिती तेवढी पाठवा

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला गेली म्हणून पुण्याने गाल फुगवून बसू नये. २००८ मध्ये युवा राष्ट्रकुल बालेवाडीला झालीच की! आम्ही भोसरीकरांनी तेव्हाही पाहुणे बहुतेक पेपरातच पाहिले. आमची मागणी माफक आहे: स्पर्धा नको, तिची पाहणी समिती द्या. दरवर्षी. परदेशी साहेब येणार म्हटलं की दुभाजकाला रंग लागतो, कुंड्या येतात, एमआयडीसीतल्या गटाराला झाकण सापडतं. आडवे लावलेले टेम्पोही कुठे गायब होतात कोण जाणे. यजमानपद मात्र ऐनवेळी दुसऱ्या शहराला द्यावं. नाहीतर खेळ बघायला सेकंड शिफ्ट बुडवावी लागेल, आणि आमचा सुपरवायझर काही राष्ट्रकुलाचा सदस्य नाही.