हप्ता आणि पाना

(रंगमंचावर एक खुर्ची, शेजारी उभं केलेलं जुनं टायर. खांद्यावर बागायती रुमाल टाकलेला चाळिशीचा माणूस येतो. टायरभोवती फिरतो. एक लाथ घालतो. कान देऊन ऐकतो.)

टायर चांगलं आहे.

(प्रेक्षकांना) असं म्हणायचं असतं भो. सेकंड गाडी पाहायला गेलं की आधी टायरला लाथ मारायची. त्याच्यातून काय कळतं ते मारणाऱ्याला माहीत नसतं, विकणाऱ्यालाही नसतं. पण नाही मारली तर समोरचा समजतो, हा नवखा आहे, याला वीस हजार चढवून सांगा.

मी यावल तालुक्यातला, फैजपूरजवळचा. तेच फैजपूर, जिथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. मोठमोठी माणसं आली, झोपडीत राहिली, देशाचं काय करायचं ते बोलून परत गेली. त्याच मातीतला मी. नवी पिकअप घ्यायची की सेकंड, हे ठरवीपर्यंत लावलेली केळी कापणीला आली!

धंदा आपला भाड्याचा. वावरातून केळी उचलायची, पॅकिंग हाऊसला टाकायची. बामणोदची भरताची वांगी पहाटे जळगावला पोचवायची. लग्नसराईत मंडपाचं सामान, मंडप सोडवून आणताना उरलेले पाहुणे. २०१६ साली जळगावच्या केळीला जीआय मानांकन मिळालं. त्याच वर्षी भरताच्या वांग्यालाही मिळालं. मालाला मानांकन, वाहणाऱ्याला चलान.

तर आधी गेलो शोरूमला. बायको बरोबर होती. नव्या गाडीला बायको न्यायची असते, जुन्या गाडीला मिस्त्री. शोरूममध्ये एसी इतका, की मी बाहेर जाऊन जरा ऊन खाऊन आलो. टाय लावलेला एक पोरगा आला.

(पोरग्याच्या आवाजात, हात जोडून) "वेलकम सर! कुठल्या सेगमेंटमध्ये बघताय?"

म्हटलं, बाळा, केळी भरायची आहे. सेगमेंट तू बघ.

"सर, यात तेराशे किलो आहे, सतराशे किलो आहे, त्याच्यावरही आहे."

म्हटलं, ते पासिंग झालं. चढतं किती?

"सर, कंपनी सतराशे सांगते."

म्हटलं, कंपनी कधी सावद्याला आलीय का? आमच्याकडे शेतकरी माल मोजत नाही. हौदा दिसेनासा झाला की म्हणतो, झालं, आता फाळका लावा.

मग त्याने मोबाइल काढला. "सर, यात ॲप येतं. गाडी कुठे आहे, किती वेळ उभी होती, डिझेल किती उरलं, सगळं घरबसल्या दिसतं." तेवढ्यात बायको पहिल्यांदा बोलली. "ते माझ्या मोबाइलमध्ये टाकता येईल का?"

(थांबतो. प्रेक्षकांकडे पाहतो.)

माझं निम्मं मन नव्या गाडीवरून तिथेच उडालं.

मी विषय बदलला. म्हटलं, केबिनला एसी आहे का? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला सरकारने एसी सक्तीचा केला आहे, वाचलं मी. पोरगा म्हणाला, "सर, ते साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना." म्हणजे बघा, मे महिन्यात जळगावला पारा पंचेचाळीसला टेकतो. तिथे ट्रकवाल्याला घाम येतो हे सरकारला मान्य आहे. पिकअपवाल्याला येतो की नाही, ते गाडीच्या वजनावर!

"सर, घेऊनच टाका. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालगाडीचा जीएसटी अठ्ठावीसचा अठरा झाला. याच्यापेक्षा स्वस्त होणार नाही." खरं आहे, झाला. पण हेच वाक्य त्याने मला त्या ऑगस्टमध्येही ऐकवलं होतं, अठ्ठावीसच्या भावात.

मग टेबलाच्या पलीकडे फायनान्सवाला. तो हसत नाही. हसला तर व्याजदर कमी वाटेल. त्याने माझं सिबिल काढलं. माझ्या सोयरिकीच्या वेळी सासऱ्यांनीसुद्धा इतकी चौकशी केली नव्हती. मग कॅल्क्युलेटर. गाडी दहा लाखांच्या घरात. दोन आपण भरायचे, आठ लाखांचं कर्ज. साडेदहा टक्के, पाच वर्षं. हप्ता महिन्याला १७,२००. पाच वर्षांत नुसतं व्याज सव्वादोन लाखांच्या वर.

म्हटलं, साहेब, तेवढ्यात तर जुनी अर्धी गाडी येते. तो म्हणाला, "अर्धी गाडी चालते का?"

(टाळी वाजवून) मानलं भो. फायनान्सवाल्याने आयुष्यात एक विनोद केला आणि तो माझ्यावर केला.

आता माझी सासुरवाडी धुळ्याची, देवपूरची. आणि धुळ्याच्या माणसाला न विचारता जळगावच्या जावयाने गाडी घ्यायची नसते. फोन लावला. सासरे आप्पा. पांढरी टोपी, आवाज एवढा की फोन नसता तरी एरंडोलपर्यंत ऐकू आला असता.

(टोपी सारखी करून) "जवाईबापू, नवी गाडी कसाले लेतस? नवी गाडी म्हंजे बँकनी गाडी! तुम्ही तिना फक्त डायवर! जुनी ल्या. पैसा रोख, गाडी आपली."

आप्पांचा शब्द. गेलो जळगावात हायवेला, जुन्या गाड्या ओळीने उभ्या असतात तिथे. सोबत आमचा मिस्त्री. तिथला दलाल पिढीजात दलाल. याचा बाप बैलबाजारात होता. बैल गेले, पिकअप आल्या. पण पद्धत तीच.

(खांद्यावरचा रुमाल काढून डाव्या हातावर टाकतो, उजवा हात खाली घालतो.)

रुमालाखाली हात. बोटं दाबून भाव. बघणाऱ्याला वाटतं, दोन माणसं भर उन्हात एकमेकांचा हात धरून उभी आहेत, काय प्रेम आहे! आणि आत एक बोट म्हणतंय पाच लाख, दुसरं म्हणतंय, मर. बाप बैलाचे दात दाखवायचा, पोरगा मीटर दाखवतो. बैलाचे दात कानशीने घासता येतात हे बापाला माहीत होतं. मीटर घासायला कानससुद्धा लागत नाही हे पोराला माहीत आहे.

"चाळीस हजार किलोमीटर शेट. एकाच हातची. म्हाताऱ्याची गाडी."

जुन्या बाजारातली प्रत्येक गाडी म्हाताऱ्याची असते. मी विचार करतो, एवढे म्हातारे पिकअप घेऊन करतात काय?

मिस्त्री काही बोलत नाही. तो आत बसला आणि पायाखाली पाहिलं. क्लचच्या पेडलचं रबर घासून काचेसारखं झालेलं. म्हणाला, "म्हातारा चाळीस हजार किलोमीटर फक्त क्लचच दाबत होता का?" मग इंजिन सुरू ठेवून तेलाचं झाकण उघडलं. भकाभका धूर. म्हणाला, "हिचं इंजिन बांधायला आलं." खाली वाकला. कमानीत नवा पाटा घातलेला, बाकीचे गंजलेले. म्हणजे ही ओव्हरलोडची. मग खिशातून चुंबक काढलं आणि दरवाजाला लावलं. पत्र्याला चुंबक चिकटतं. आत लांबी भरलेली असेल तर चिकटत नाही. चुंबक पडलं. सरकवून लावलं. पडलं. तिसऱ्या ठिकाणी चिकटलं, ती दाराची कडी होती.

मिस्त्री म्हणाला, "गाडी चांगली आहे. फक्त लोखंड कमी आहे."

बाहेर आल्यावर मी त्याला खरं विचारलं. बाबा, नवी की जुनी? तो म्हणाला, "नवी बीएस-६, तिला सेन्सर. दिवा लागला की लॅपटॉप लागतो. लॅपटॉप शोरूमला, शोरूम रविवारी बंद. जुनी बीएस-४ रात्री अकराला पारोळ्याजवळ बंद पडू दे, कोणीतरी पाना घेऊन येतो." मी म्हटलं, म्हणजे जुनी चांगली? तो म्हणाला, "मी चांगली कुठे म्हटलं? मी म्हटलं बंद पडते."

आणि जुनी स्वस्त, हाही एक गोड गैरसमज. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त, मुदत कमी. तीन लाख घ्या, सोळा टक्के, तीन वर्षं. हप्ता येतो साडेदहा हजार! आठ लाखांना सतरा हजार, तीन लाखांना साडेदहा. थर्ड पार्टी विमा गाडीचं वय बघत नाही, वजन बघतो. साडेसात टनांच्या आतल्या मालगाडीला सोळा हजारांच्या घरात, नवी असो की खटारा. गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस दरवर्षी, आणि वर पर्यावरण कर. एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आपण लावून घ्यायची. सगळं करून गाडी रस्त्याला लागते, तर मागच्या मालकाची चलानं निघतात. नाशिकला सिग्नल त्याने तोडला, दंड मी भरायचा. मी सात वर्षांत नाशिकला गेलो नाही!

रात्री घरी आलो. डोकं गच्च. बायकोने भाड्याची डायरी काढली. ती धुळ्याची. हिशेबाला बसली की अहिराणीत आकडे मोडते आणि मराठीत माणूस. म्हणाली, "ह्या महिन्यांत पान भरलेलं आहे. आणि हे बघा, मे-जूनमध्ये वारा आला, बागा आडव्या झाल्या, पान कोरं." म्हटलं, निसर्ग आहे. ती म्हणाली, "निसर्ग हप्ता भरतो का? नवी गाडी पैसे मागते पाच तारखेला. जुनी मागते कधीही. आपल्याकडे पाच तारखेला पैसे असतात का?"

म्हटलं, असतात... कधी कधी.

"मग कधीही मागणारी बरी."

(खुर्चीवर बसतो.) बँकेत एवढी माणसं बसली आहेत, कोणाला हे सुचलं नाही. माझ्या चुलतभावाचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आहे, रोजचं भाडं पक्कं. त्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर पुढच्या वर्षी काम गेलं. त्याने नवीच घ्यावी, डोळे मिटून. माझं भाडं वाऱ्यावर. शब्दशः.

तेवढ्यात आप्पांचा फोन. "जवाईबापू, भेटनी का गाडी? नही ना? मन्ही ली जा. २०१८ नी शे, घरनी गाडी, सोनानी गाडी!"

(उठतो) आता कळलं ना, नवी गाडी बँकेची का होती!

गेलो धुळ्याला. अंगणात गाडी धुऊन, पुसून, हार घालून उभी. मी जावई. मी टायरला लाथ मारू शकतो का? सासऱ्याच्या टायरला? मी नुसतं पायाने नमस्कार केल्यासारखं केलं. पण माझी बायको! तिने पदर खोचला, फ्रिजवरचं गणपतीचं चुंबक पर्समधून काढलं आणि बापाच्या गाडीला लावलं.

(चुंबक लावण्याचा अभिनय. हळूहळू घसरतं. नजर जमिनीपर्यंत.)

"आप्पा, हाऊ दरवाजा कव्हय ठोकाई गया व्हता?"

"ठोकायना नही वं! थोडासा घासाई गया."

"घासाई गया ते पंधरा हजार कमी."

सासूबाई आतून म्हणाल्या, "वीस सांग वं, तो झाडवर गयता!"

आप्पांनी रुमाल मागितला. बापलेकीने रुमालाखाली हात घातले. मी आयुष्यात पुष्कळ सौदे पाहिले, पण मुलगी बापाची बोटं अशी दाबते आणि बाप "आयवं" म्हणून हात काढून घेतो, हा पहिलाच.

भाव तुटला. आप्पा म्हणाले, कागद नंतर करू, घरातलंच आहे. बायकोने फॉर्म २९ आणि ३० पुढे ठेवले. म्हणाली, "सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात, गाडी विकलेली असली तरी." आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गाडी कशी चालवतो ते त्यांना आठवलं असावं. म्हणाले, "पेन कोठे शे?"

एक दुखणं मात्र राहिलं. राज्यातल्या राज्यात गाडी घेतली तर नंबर बदलत नाही. आमच्या गावात सगळ्या गाड्या एमएच-१९. माझी एकटी एमएच-१८. गाडी वळली की पाराखाली बसलेली माणसं म्हणतात, "आली, सासऱ्याची गाडी." पैसे मोजून घेतली भो! पावती आहे! लॅमिनेट करून काचेवर लावू का?

निघताना आप्पा फाळक्यावर हात फिरवत म्हणाले, "जवाईबापू, गाडी ली चालनात, ली जा. पण रईवारना दिन मले लागी हां, दूधना कॅन पोचाडाले."

मी म्हणणार होतो, आप्पा, तुमचीच गाडी आहे. तोंड उघडलंही होतं.

(बायकोच्या आवाजात, पदर खोचून, डायरी उघडत) "ली जा ना आप्पा. डिझेल तुमनं. भाडं लागी."

(अंधार)