हिरव्या डोंगरांचा दाखला

चंद्रपूरहून वणीकडे किंवा राजुऱ्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला अधूनमधून जी सपाट माथ्याची पर्वतराजी दिसते, तिचा उल्लेख कोणत्याही जुन्या भूगोलात सापडणार नाही. कारण तिच्या निर्मितीचे श्रेय विधात्याकडे नसून कोळशाच्या उघड्या खाणींकडे जाते, आणि विधात्याने आपल्या डोंगरांचे दफ्तर ठेवल्याचे ऐकिवात नसले तरी या डोंगरांचे दफ्तर मात्र चोख आहे. कोळशाच्या माथ्यावरचे जे सारे उपसून टाकावे लागते, त्याला तिकडे 'ओबी' म्हणतात. या उपशात सृष्टीचा क्रमच उलटतो: कोट्यवधी वर्षे पाताळात निमूट पडलेला वालुकाश्म शिखरावर विराजमान होतो, आणि जिच्यावर पिढ्यान् पिढ्या कापूस नि तूर पिकली ती काळी माती तळाशी गाडली जाते. हा अनर्थ टळावा म्हणून वरची माती आधी खरवडून निराळी साठवावी आणि डोंगर रचून झाल्यावर पुन्हा वर पसरावी, अशी सरकारची अट आहे, व तिचे पालन होत असल्याची ग्वाही ढिगाशेजारी रोवलेली पाटी देते. उंच ढिगात वर्षानुवर्षे दडपलेल्या मातीतले जीवजंतू गुदमरून मरतात, ही गोष्ट पाटीवर लिहिण्याजोगी नसल्यामुळे लिहिलेली नसते.

मातीची तपासणीही यथाविधी होते. वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती तासून घमेल्यात घ्यावी, तिचे चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकावे, उरलेल्यांचे पुन्हा चार करावे, असे अर्धा किलो उरेपर्यंत करून ती कापडी पिशवीत चिठ्ठीसह बांधावी. मग प्रयोगशाळेने सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि जड धातू यांचे आकडे भरावे. सत्यनारायणाच्या पूजेत इतके सोवळे नसेल. खड्डा कोठे खणावा, एवढाच प्रश्न विवेकावर सोपवलेला आहे. रोपाच्या आळ्यात, जेथे टँकरचे पाणी पोचते आणि शेणखताचे घमेले रिकामे झालेले असते, तेथे खणला तर अहवाल समाधानकारक येतो. चार हात पलीकडे, जेथे पहार मारताच ठिणगी उडते, तेथे खणण्याचा आग्रह धरणारा मनुष्य बहुधा नोकरीत नवा असतो.

पण मातीचा हा किरकोळ तपशील आता गौणच झाला आहे. जेथे कोळसा आणि ओबी मिळून वर्षाला 50 लाख घनमीटरांहून अधिक उपसा होतो, त्या खाणींची दरवर्षी, आणि लहान खाणींची दर तीन वर्षांनी, रांचीची सेंट्रल माइन प्लॅनिंग अँड डिझाइन इन्स्टिट्यूट उपग्रहाच्या चित्रांवरून पाहणी करते. दुरून डोंगर साजरे, असे आमचे पूर्वज म्हणून गेले ते कोस-दोन कोसांवरून पाहून. शेकडो मैल उंचीवरून ते किती साजरे दिसतात याची त्या बिचाऱ्यांना काय कल्पना! हिरवे दिसले की ते वृक्षारोपणाच्या रकान्यात जाते. त्याखाली माती आहे की मुरूम, ही चौकशी आकाशातून करणे सभ्यपणाचे नव्हे.

केंद्र सरकारच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उघड्या खाणीच्या समापनासाठी हेक्टरी 6 लाख रुपये धरून ते राखीव खात्यात ठेवण्याची, आणि झालेले काम पाहून त्यातले 80 टक्क्यांपर्यंत परत करण्याची तजवीज केली. ज्याच्या सातबाऱ्यावर ती जमीन होती, त्याने मात्र असल्या परतफेडीची आशा धरू नये. कोळशाच्या जमिनींसाठीच्या 1957 च्या संपादन कायद्याखाली घेतलेले शेत कोळसा संपला तरी सरकारी कंपनीचेच राहते, आणि 2022 च्या धोरणानुसार ते सौरऊर्जेसारख्या कामांसाठी भाडेपट्ट्याने देता येते. तेथे विजेचे पीक निघाले तर मातीचा सामू विचारतो कोण?

या साऱ्या व्यवहारात हिरवाईच्या दाखल्यावर खरोखर विश्वास ठेवणारे दोनच प्राणी निघाले. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या बाजूस ओबीवर माजलेल्या वेड्या बाभळींना वाघ-बिबट्यांनी अरण्य मानले आणि अर्ज न करता तेथे मुक्काम ठोकला. पुढे माणसे बळी पडू लागली, तेव्हा लोकांनी आक्रोश करून झुडपे तोडण्याची मागणी केली, आणि ती रास्तच होती. अडचण एवढीच, की ती झुडपे तोडावीत तर उपग्रहाच्या पुढच्या चित्रात हिरवा रकाना घटणार, आणि घटीचे कारण म्हणून 'वाघ' असा शेरा मारण्यास नमुन्यात जागा नाही.