द्वारपालाच्या जागेसाठी इच्छुक मोटारींस

मुक्काम देवास.
नोकरीस इच्छुक समस्त शटर-मोटारींस, नमस्कार विनंती विशेष.

टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका मराठी घरात गॅरेजच्या द्वारपालाची जागा रिकामी झाली आहे. आधीचे द्वारपाल अखेरच्या दिवसांत बटण दाबलं की नुसते घुंऽऽ करायचे, जागचे हलायचे नाहीत. मिस्त्रीने झाकण उघडलं तेव्हा कपॅसिटर पोट फुगवून बसलेला. तो बदलल्यावर काही दिवस गाडं चाललं, मग गिअरचे दातच गेले. म्हणून ही भरती.

घर दोन भावांचं. दादा वरच्या मजल्यावर, धाकटे खाली, गॅरेज सामाईक. देवासला याचं कुणाला नवल नाही. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वाटणीतून इथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली, आणि एकाच गावात ती १९४८ पर्यंत नांदली. थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली चिटणिशी करायला आलेल्या ई. एम. फॉर्स्टर यांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. आजही नव्या मोटारीसाठी निम्मे-निम्मे पैसे काढायचे की गाडी ज्याची मोठी त्याने जास्त, हा तह व्हायचाच आहे. नोटा देवासच्या छापखान्यात छापल्या जातात म्हणून त्या घरात पडून असतील, असा उमेदवारांनी समज करून घेऊ नये.

अर्जांत आपण सगळ्यांनी ताकद फार ठळक लिहिली आहे. कुणी ३०० किलो उचलतो, कुणी ५००. इथलं शटर तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच. एक मिलिमीटर जाड पोलादी पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. तेव्हा सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेरच्या जाडीला सपाट पत्राच सत्तरेक किलोचा, आणि पट्ट्यांच्या वळ्या धरून शंभराच्या आसपास. पहिलवान नको आहे. खरं वजन तर वरच्या दांड्यावरच्या स्प्रिंगांनी पेलायचं असतं. मोटार सोडवून शटर हाताने कमरेइतकं उचलावं आणि हळूच हात काढावा. तिथेच राहिलं तर स्प्रिंग शाबूत. दाणकन खाली आलं तर आधी स्प्रिंगवाल्याला बोलवावं, नाहीतर येणाऱ्या मोटारीचेही दात जातील. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. त्याला मोटार विकायची असते.

रिमोट किती देता, हा प्रश्न नाही. रिमोट कसा आहे, हा आहे. जुन्या रिमोटमध्ये आठ बारक्या खटक्यांची ओळ असे, म्हणजे सांकेतिक क्रमांक जेमतेम २५६. शेजाऱ्याच्या बटणाने आपलं दार वर जायचं. सॅमी कामकर या अमेरिकी तंत्रज्ञाने २०१५ मध्ये निरोप पाठवायच्या एका खेळण्यात फेरफार करून असे ठरीव क्रमांकाचे दरवाजे दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवले. दोन पात्या एका छपराखाली नांदतील, पण तिसरी आत नको. ज्याच्याकडे दर दाबण्याला क्रमांक बदलणारा रोलिंग कोड नसेल, त्याने अर्ज मागे घ्यावा.

आता धारचं प्रकरण. ज्या जिल्ह्यात मांडूच्या तटाला बारा दरवाजे आहेत, त्या जिल्ह्यातल्या मेहुण्यांनी इंदुरात बसून मोबाइलवरून उघडणारी मोटार घेतली. लग्नाला निघायच्या वेळी लाइट गेली. गाडी आत, वऱ्हाड बाहेर, आणि हातसाखळी ‘दिसायला वाईट’ म्हणून मिस्त्रीकडून कापून घेतलेली. मांडूच्या दिल्ली दरवाजाला निदान लाइट लागत नव्हती. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यावर काहींना गॅरेजची दारं उघडता आली नाहीत, तेव्हा १ जुलै २०१९ पासून घरगुती ओपनरला बॅटरी सक्तीची झाली. इथे बॅटरी असल्यास उत्तम, पण साखळी हवीच.

एक अट मात्र घासाघिशीपलीकडची. घरात रांगतं मूल आहे. सी. जी. जॉन्सन यांनी विजेवर चालणारा पहिला गॅरेज ओपनर १९२६ साली आणला. मधे काही आडवं आलं की दार परत फिरावं, ही सक्ती अमेरिकेत व्हायला १९९३ उजाडलं. आपल्याकडच्या शटर-मोटारी बहुधा मुकाट खालीच येतात. म्हणून जमिनीपासून सहा इंचांच्या आत सेन्सरची जोडी लागेल, आणि मुलाखतीत उंबऱ्यावर जेवायचा पाट उभा ठेवून परीक्षा घेतली जाईल. पाटाला ओरखडा उठला तर उमेदवार नापास.

येताना वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का असावा, आणि दुरुस्तीला घरी येईल अशा मिस्त्रीचा नंबर. टोल-फ्री नंबर आणू नये. त्यावरचं गाणं घरात सगळ्यांना पाठ आहे.

कळावे, लोभ असावा.