मार्चमधलं वेड

पिंपळे सौदागरमध्ये फ्लॅट विकताना माहितीपत्रकात बास्केटबॉल कोर्ट असतंच. ताबा मिळाल्यावर ते अर्धं निघतं. एकच रिंग, तीही बिनजाळीची, खाली पाहुण्यांच्या गाड्या. मार्चमध्ये पोरांनी चेंडू आपटला, की दहावी-बारावीच्या नावानं नोटीस लागते. त्याच मार्चमध्ये हिंजवडीला नोकरी करणारे त्यांचे बाबा पहाटे उठून अमेरिकी कॉलेजांच्या 68 बास्केटबॉल संघांची बाद स्पर्धा बघतात. क्लायंटशी बोलायला विषय नको? मुख्य फेरीतल्या 63 सामन्यांचे निकाल नाणं उडवून अचूक सांगायचे, तर शक्यता सुमारे 9 वर 18 शून्यं, त्यात एक. तरी अंदाजांचे तक्ते भरले जातातच. उद्याचा टँकर किती वाजता येणार, एवढं मात्र यांना विचारू नका.