पुडी थैलीतच हवी

व्हिम आणि एमॅक्स या दोन एडिटरांच्या भक्तांत गेली कित्येक वर्षं जुंपलेली आहे. एमॅक्सचा जन्म 1976 चा, व्हिमची पहिली जाहीर आवृत्ती 1991 ची. म्हणजे भांडण चांगलं मुरलेलं आहे. एका बाबतीत मात्र दोन्ही पंथ एकमुखाने बोलतात: आमच्या देवाला सगळं ठाऊक आहे, फक्त विचारता आलं पाहिजे. ते खोटंही नाही. एमॅक्स स्वतःची ओळखच ‘स्वतःची माहिती स्वतः देणारा’ अशी करून देतो, आणि व्हिम नुसता उघडला तर बाहेर कसं पडायचं आणि मदत कशी मागायची, दोन्ही पहिल्याच पडद्यावर लिहिलेलं असतं. असं असूनही व्हिममधून बाहेर कसं पडावं, हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न 2017 साली दहा लाख वेळा पाहून झाला होता. यावर जाणत्यांचा ठरलेला शेरा असतो की लोक वाचत नाहीत. माझं म्हणणं उलट आहे. लोक वाचतात, निदान अडल्यावर तरी नक्की वाचतात. पण वाचायचं ते त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. व्हिमचा तो स्वागताचा पडदासुद्धा मोकळ्या हाताने आलेल्यालाच दिसतो. फाईल घेऊन आत शिरलात की स्वागत रद्द. आणि अडकणारा माणूस बहुधा फाईल घेऊनच शिरलेला असतो.

पोचत नाही ते कसं, हे पाहण्यासारखं आहे. व्हिमसाठी कुणी जोड-पॅकेज लिहितो, ‘डॉक’ नावाच्या फोल्डरमध्ये इमानदारीने मदतीची फाईल ठेवतो. वापरणारा ते पॅकेज उतरवून घेतो. फाईल डिस्कवर आली. पण व्हिम मदत शोधतो ‘टॅग्ज’ नावाच्या सूचीतून, आणि ती सूची ‘हेल्पटॅग्ज’ हा हुकूम दिल्याशिवाय तयार होत नाही. काही पॅकेज-मॅनेजर हा हुकूम आपणहून देतात, काही देत नाहीत, आणि व्हिम 8 पासून आलेली घरची पॅकेज-व्यवस्था तो देत नाही. मग मदत मागितली की उत्तर येतं, ‘ई149: सॉरी, नो हेल्प’. माहिती चार फोल्डर पलीकडे बसलेली असताना हा दिलगिरी व्यक्त करतो! संस्कार चांगले आहेत, पण काम होत नाही. एमॅक्सकडे प्रकार आणखी खानदानी. तिथे पुस्तिका टेक्सइन्फो नावाच्या स्वरूपात लिहायची, ‘मेकइन्फो’ने तिची इन्फो फाईल करायची, आणि मग ‘डिर’ नावाच्या यादीत तिची नोंद घालायची. यातली एक पायरी हुकली की पॅकेज चालतं, पुस्तिका मात्र यादीत दिसत नाही. 2023 च्या एमॅक्स 29 मध्ये पॅकेज थेट मूळ भांडारातून आणून पुस्तिका तिथल्या तिथे बांधायची सोय झाली. पण पुस्तिका कुठे आहे हे सांगावं लागतं, आणि मशीनवर मेकइन्फो असावा लागतो. लेखकाच्या मशीनवर तो असतोच. त्याला सगळं दिसतं, म्हणून तो निर्धास्त असतो.

यावर कळस डेबियन या लिनक्स-वितरणाने चढवला. एमॅक्सच्या पुस्तिकेत ‘ग्नू मॅनिफेस्टो’ आहे, सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा. परवान्यानुसार तो भाग कुणी बदलायचा नाही. डेबियनने 2006 साली मतदान घेऊन ठरवलं की ज्या पुस्तकातला मजकूर बदलता येत नाही ते स्वतंत्र नव्हे. झालं, स्वातंत्र्याचा जाहीरनामा बाळगल्याबद्दल पुस्तिका ‘नॉन-फ्री’च्या कोपऱ्यात रवाना झाली. दोन्ही बाजू तत्त्वाला इतक्या पक्क्या की वापरणाऱ्याच्या हाती काहीच उरलं नाही. डेबियन आणि उबुंटूवर मुळात येणारा व्हिम-टायनी तर मदत मागितल्यावर एक छोटी चिठ्ठी दाखवतो. तिचा मथितार्थ असा की मदत ‘व्हिम-रनटाइम’ नावाच्या दुसऱ्या पॅकेजात आहे.

“पण हवी त्याने वेगळी मागून घ्यावी की!” असं म्हणणाऱ्याला बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही कृषी केंद्राच्या बाकावर जूनमध्ये तासभर बसवावं. बीटी कपाशीला 2002 साली परवानगी मिळाली तेव्हापासून 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची. बोंडअळीला बीटीची सवय लागू नये म्हणून हे ‘रेफ्युजी’ बियाणं पराटीच्या भोवतीने लावायचं, हा शास्त्राचा नियम. जळगाव जामोद असो की मोताळा, पुष्कळ शेतकऱ्यांनी ती पुडी धुऱ्याच्या पलीकडे भिरकावली. ज्याला अळी लागणार हे कंपनीच सांगते, त्याला रानातले तास कोण देईल? पुढे गुलाबी बोंडअळीने विदर्भात जो धिंगाणा घातला, त्याला हे एकच कारण नव्हतं. पण हेही होतं. यावर शेतकऱ्याला अडाणी म्हणत बसण्यात अर्थ नव्हता. बियाणं थैलीतच मिसळून द्यायचं ठरलं, आणि आता 475 ग्रॅमच्या एकाच थैलीत दोन्ही येतं. पेरणारा पेरतो तेव्हा रेफ्युजीही आपोआप पेरली जाते. उपदेशाने जे झालं नाही ते पॅकिंगने झालं. पुस्तिकेचंही तसंच, ती पॅकेजसोबतच यायला हवी.

आता कुणी म्हणेल, पुस्तिका इंटरनेटवर आहे ना? आहे. पण तिथे असते ती बहुधा ताज्या आवृत्तीची, आणि खामगाव-चिखलीतल्या कॉलेजच्या जुन्या मशीनवर एडिटर असतो चार वर्षांपूर्वीचा. सोबत आलेली पुस्तिका त्याच आवृत्तीची असते, हा तिचा मोठा गुण. शिवाय सातपुड्याच्या पायथ्याला, सोनाळा-टुणकीकडे, रेंज गेली की नेटवरची पुस्तिका असून नसल्यासारखी. दुसरा आक्षेप, चॅटबॉटला विचारावं. विचारावं की! तो नसलेला हुकूमसुद्धा इतक्या आत्मविश्वासाने सांगतो की तपासायला शेवटी पुस्तिकाच उघडावी लागते. जागेचा आक्षेप तर ऐकवतही नाही. ही सगळी पुस्तकं म्हणजे साधा मजकूर, काही एमबींचा. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एखाद-दोन व्हिडिओ पत्रिका पुसल्या तरी ती मावतील, आणि त्या पत्रिकांत बघण्यासारखं काय असतं हे सर्वांना ठाऊक आहे. एक आक्षेप मात्र मला मान्य आहे: सर्व्हरवर, जिथे माणूस कधी लॉगिनच करत नाही, तिथे पुस्तिका कापली तरी चालेल. उबुंटूची छाटलेली आवृत्ती हेच कारण देते आणि ‘अनमिनिमाइज’ हा हुकूम दिला की काढलेलं परत आणते. ही रीत योग्य आहे. आधी कळवा, मग कापा.

तेव्हा पॅकेज बांधणाऱ्या भावांनो आणि बहिणींनो, सूची बांधण्याचं काम वापरणाऱ्यावर टाकू नका. पॅकेज पाठवण्याआधी कोऱ्या मशीनवर, नेट बंद करून, एकदा मदत मागून पाहा. आणि वापरणाऱ्यांनो, हे होईपर्यंत व्हिममध्ये ‘हेल्पटॅग्ज ऑल’ म्हणा. डेबियन-उबुंटूवर व्हिम-रनटाइम आणि ‘एमॅक्स-कॉमन-नॉन-डीएफएसजी’ ही दोन पॅकेजं मागवून घ्या. दुसऱ्याचं नाव चुकलेलं नाही, ते तसंच आहे.