फाईल परत, त्रुटींची पूर्तता करावी

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आज संशोधनाच्या अनुदानासाठी अर्ज केला असता, तर आमच्या छाननी समितीने मारलेले शेरे असे असते:

अर्जदाराचे बेळगावात सायकलींचे दुकान. त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवत होते, बढती डावलली म्हणून नोकरी सोडली. म्हणजे स्वभाव हट्टी. पीएचडी नाही. जागा कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने आणि सापांनी भरलेला माळ. सापांबाबत वनखात्याचा ना-हरकत दाखला जोडावा. जागा दिली औंधच्या राजेसाहेबांनी. औंध सातारा जिल्ह्यात, कारखाना सांगलीत, सबब कार्यक्षेत्र अस्पष्ट. (1910 साली सांगली जिल्हाच नव्हता, ही सबब ग्राह्य नाही.) रात्रीच्या राखणीला शिक्षा भोगून आलेली माणसं, त्यांचे चारित्र्याचे दाखले नाहीत.

उत्पादन लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, असं खुद्द शेतकरीच म्हणतात. पहिले नांगर दोन वर्षं गिऱ्हाईकाविना पडून. मार्चअखेर निकाल दाखवता येत नसल्याने प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे.

सातारा रोडच्या धनजीशा कूपर यांचा डिझेल इंजिनाचा अर्ज याच गठ्ठ्यात बांधावा. तासगावकडच्या बोरगावच्या बागेत वेगळ्या मण्यांची वेल हेरून 'तास-ए-गणेश' द्राक्ष वाढवणाऱ्या शेतकऱ्याकडे तर प्रयोगशाळेचा पत्ताही नाही.

मंजूर काय होतं? कोनशिला, सामंजस्य करार आणि फेटे.

इकडे सांगलीजवळच्या कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये गाडीकंपनीच्या ड्रॉइंगबरहुकूम जॉबवर्क चालू असतं. माप बदलायचं तर कंपनीची परवानगी हवी, दर वाढवायचा तर तिची मर्जी. नफा ड्रॉइंगवाल्याचा, लोखंडाचा कीस आमचा. यालाच आम्ही औद्योगिक प्रगती म्हणतो आणि पुरवणी काढतो.

दक्षिण कोरिया राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास रक्कम संशोधनावर घालतो, आपण एक टक्कासुद्धा नाही. कंपन्यांना संशोधनाच्या खर्चावर मिळणारी दीडपट करवजावटही 2020 मध्ये संपली. पैसा नाही म्हणावं, तर 2025 मध्ये केंद्रानं संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली आहे.

तेव्हा मायबाप सरकार, त्यातले चार पैसे कुपवाडच्या वीस कामगारांच्या वर्कशॉपला थेट द्या आणि दोन वर्षं विक्रीचा आकडा विचारू नका. आमची समिती बरखास्त केलीत तरी चालेल.